काटकपणाची व्याख्या : जिरेनियम, तेरडा आणि पुण्याची परसबाग – एक ऐतिहासिक विवेचन

सारांश

घरच्या बागेत कोणते झाड काटक मानावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी उद्यानविद्येचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तराला दीर्घ इतिहास आहे. युरोपीय उद्यानग्रंथांत जिरेनियम हे काटक बहुवर्षायू फुलझाड म्हणून प्रसिद्ध आहे. पुण्यात मात्र त्या नावाने विकले जाणारे झाड वेगळेच असून ते बहुधा एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. याउलट तेरडा ही अल्पायुषी वनस्पती कोणत्याही निगेवाचून पुण्याच्या परसांत पिढ्यान्‌पिढ्या उगवत राहिली. एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्राने या दोघांना एकाच कुलात बसविले होते, ही बाब लक्षणीय आहे. प्रस्तुत लेखात दापोडी व गणेशखिंड येथील सरकारी बागा, मंडईपासून मार्केट यार्डापर्यंतचा फुलांचा बाजार आणि पेठांतील परस या तीन ठिकाणांच्या आधारे काटकपणाच्या कल्पनेचा मागोवा घेतला आहे.

बीजसंज्ञा : परसबाग, जिरेनियम, तेरडा, पुणे, मार्केट यार्ड, वासाहतिक उद्यानविद्या.

प्रस्तावना

भाद्रपदात गौरींच्या आदल्या दिवशी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील फुलबाजारात गेले असता झेंडू आणि शेवंतीच्या ढिगांच्या कडेला तेरड्याच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. मुळांसकट उपटलेली, खाली ओली माती लागलेली ही रोपे दुपारपर्यंत माना टाकू लागतात. त्यांचा भाव अडत्याच्या वहीत चढतोच असे नाही. पुष्कळदा ती बाजाराच्या कडेला, रस्त्यावरच विकली जातात. हीच वनस्पती दोन-तीन पिढ्यांपूर्वी याच शहराच्या परसांत आपोआप उगवत असे आणि तिच्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नसत.

याच परिसरातील रोपवाटिकांमधून कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास लाल, गुलाबी व पांढऱ्या फुलांच्या घोसांनी भरलेल्या जिरेनियमच्या कुंड्या विक्रीस येतात. प्रस्तुत लेखकाने एका हिवाळ्यात अशा तीन कुंड्या घरी आणल्या. उद्यानविद्येच्या एका इंग्रजी पुस्तकात जिरेनियम हे अत्यंत काटक आणि वर्षानुवर्षे टिकणारे झाड असल्याचे वाचनात आले होते. फाल्गुनापर्यंत झाडे बहरली, वैशाखात रोडावली आणि आषाढात बुंध्याशी काळी पडून कुजली. त्याच गॅलरीतील एका रिकाम्या कुंडीत, मातीबरोबर आलेल्या बियांतून, त्याच आषाढात तेरडा उगवला. पुस्तकातील काटक झाड मेले आणि ज्याच्या रंगाविषयी ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण उपहासाने म्हणतो, ते कोणी न लावता वाढले. या साध्या अनुभवातून प्रस्तुत लेखाचा प्रश्न उद्भवला : काटकपणाची व्याख्या कोणी, कोठे आणि कोणत्या हवामानासाठी केली?

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. जिरेनियम या नावाचा इतिहास तपासून त्यातील संभ्रम स्पष्ट करणे.
२. पुणे परिसरातील वासाहतिक बागांचे स्वरूप व त्यांतील ज्ञानव्यवहार समजून घेणे.
३. फुलांच्या बाजाराने कोणत्या फुलांची नोंद घेतली व कोणती वगळली, याचा विचार करणे.
४. परसबागेतील स्थानिक वनस्पतींच्या टिकून राहण्याची कारणे शोधणे.

यासाठी प्रकाशित दुय्यम साधने आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांचा आधार घेतला असून विवेचन ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने केले आहे.

एक नाव, दोन झाडे

जिरेनियम हा शब्द ग्रीक भाषेतील क्रौंच पक्ष्याच्या नावावरून आला. या झाडाचे फळ लांब, टोकदार, पक्ष्याच्या चोचीसारखे असते. लिनियसने १७५३ साली वनस्पतींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून युरोपात आलेली, तशाच चोचीच्या फळांची झाडे त्याने जिरेनियम याच प्रजातीत घातली. पुढे १७८९ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने ती वेगळी काढून त्यांना पेलार्गोनियम ही स्वतंत्र प्रजाती दिली. हे नावही एका पक्ष्यावरूनच, म्हणजे करकोच्यावरून पडले. शास्त्रज्ञांनी वेगळेपण मान्य केले, तरी माळी, रोपविक्रेते आणि बागप्रेमी यांनी जुने नाव सोडले नाही. परिणामी आजही जगभर दोन भिन्न प्रजाती एकाच नावाने ओळखल्या जातात.

या दोहोंतील फरक केवळ नावाचा नाही. खरे जिरेनियम ही मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातील व उंच डोंगरांवरील वनस्पती आहे. हिवाळ्यात तिचा जमिनीवरील भाग बहुधा सुकतो, मुळे बर्फाखालीही जिवंत राहतात आणि वसंतात नवी पाने फुटतात. युरोपीय माळी तिला काटक म्हणतो तो या अर्थाने. पेलार्गोनियम दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या हवामानातले आहे. त्याची खोडे मांसल असतात. ते काही काळ पाण्यावाचून राहते, परंतु गोठवणाऱ्या थंडीत मरते. इंग्लंडमध्ये ते नाजूक समजले जाते आणि हिवाळ्यात त्याला काचघरात किंवा घराच्या आत हलवावे लागते. पुण्याच्या रोपवाटिकेत जिरेनियम म्हणून मिळते ते हेच पेलार्गोनियम.

खरे जिरेनियम भारताला परके नाही. हिमालयात त्याच्या अनेक जाती आढळतात. त्यांतील एकीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनियल वॉलिच यांचे नाव देण्यात आले आहे. या वॉलिच-जिरेनियमचा एक प्रकार आणि हिमालयातीलच दुसरी एक जाती यांचा संकर १९८९ साली इंग्लंडमधील एका घरच्या बागेत आढळला. २००० साली तो ‘रोझॅन’ या नावाने बाजारात आला आणि २०१३ साली चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीनिमित्त शतकातील सर्वोत्तम वनस्पती म्हणून निवडला गेला. भारतीय डोंगरांतील दोन जातींचे अपत्य इंग्लंडमध्ये काटकपणाचा आदर्श ठरते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील, वैशाखात तापणाऱ्या पुण्यात त्याला तग धरणे कठीण जाते. काटकपणा हा केवळ वनस्पतीचा अंगभूत गुण मानता येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. वनस्पती, हवामान आणि ऋतुचक्र यांच्या परस्परसंबंधातून तो ठरतो.

दापोडी ते गणेशखिंड : सरकारी बागांचा काळ

पुण्यात बागांची परंपरा ब्रिटिशांच्या आधीपासून होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने पाणी आणून ते शहरातील हौदांत खेळविण्यात आले. हिराबाग ही त्याच काळातील. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे होते. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे ‘फुले’ हे नाव रूढ झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे या शहरात फूल ही देवघरापुरती मर्यादित गोष्ट नव्हती. ते श्रमाचे, चरितार्थाचे आणि सामाजिक स्थानाचेही साधन होते.

पेशवाईच्या अस्तानंतर दहा वर्षांनी, १८२८ साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून १८६० पर्यंत त्याची धुरा डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. पेशाने शल्यचिकित्सक असलेले गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात दापोडीतील वनस्पतींची चित्रे काढून घेण्यात आली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात जतन केलेली असून हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. या चित्रांचा चित्रकार भारतीय-पोर्तुगीज असावा असे मानले जाते. त्याचे नाव मात्र दप्तरात उतरले नाही. रोपे लावणाऱ्या, पाणी घालणाऱ्या, आळी करणाऱ्या माळ्यांची नावे तर दूरच राहिली. बागेचा इतिहास लिहिताना अधीक्षकाचे नाव मिळते आणि बाग जगविणाऱ्याचे मिळत नाही, ही उणीव अभ्यासकाने ध्यानात ठेवली पाहिजे.

१८६०च्या दशकात दापोडीची बाग मोडली. गव्हर्नरांचे नवे निवासस्थान गणेशखिंडीत उभे राहिले. १९४९ पासून तेथे पुणे विद्यापीठ आहे. त्या परिसरात १८७३ साली वनस्पती उद्यान स्थापन झाले आणि जी. मार्शल वुड्रो यांनी ते नावारूपास आणले. लष्कर भागातील सोल्जर्स गार्डन पुढे एम्प्रेस गार्डन झाले. १८३० साली स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेकडे १८९२ पासून त्याची व्यवस्था आहे. दर जानेवारीत तेथे भरणारे पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या परिचयाचे आहे.

जानेवारी हा महिना येथे महत्त्वाचा आहे. युरोपात जी फुले वसंत व उन्हाळ्यात येतात, ती दख्खनमध्ये हिवाळ्यातच फुलविता येतात, हे वासाहतिक माळ्यांनी लवकरच ओळखले. फर्मिंगर यांनी बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठी १८६०च्या दशकात लिहिलेले उद्यानविद्येचे पुस्तक आणि वुड्रो यांचे ‘गार्डनिंग इन इंडिया’ ही पुस्तके हे ऋतुमान बसवून देण्याच्या गरजेतूनच निर्माण झाली. आश्विनात बी पेरावे, मार्गशीर्ष-पौषात फुले पाहावीत आणि चैत्रात वाफे रिकामे करावेत, असा हा क्रम होता. पेलार्गोनियमची कुंडी या क्रमात उत्तम बसली. ती हिवाळ्यापुरती पाहुणी होती आणि सरकारी बागेतील मनुष्यबळ तिला दर वर्षी नव्याने वाढवू शकत होते. घरच्या बागेने मात्र या वेळापत्रकातील फुले घेतली आणि त्यामागचे मनुष्यबळ तिच्याकडे नव्हते. दर चैत्रात अपयश पदरी पडते, ते आपल्या हाताला गुण नसल्यामुळे, अशी समजूत बागप्रेमी मंडळींत आजही आढळते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा हाताचा दोष नसून उसन्या पंचांगाचा आहे.

बाजाराचा हिशेब : मंडईपासून मार्केट यार्डापर्यंत

१८८६ साली पुण्यात रे मार्केटची इमारत खुली झाली. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च करण्याऐवजी तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, या भूमिकेतून त्यांनी विरोध नोंदविला होता. पुढे याच इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले, हा इतिहासाचा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. फुलांच्या व्यवसायावरून ज्यांच्या घराण्याला नाव मिळाले, त्यांचा बाजाराला विरोध नव्हता. बाजारात माल आणणाऱ्यांची मुले कोठे शिकतात, हा त्यांचा प्रश्न होता. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्येही त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ त्याच्या अज्ञानाशी जोडून दाखविले आहे.

विसाव्या शतकात मंडई अपुरी पडू लागली. १९५७ साली पुणे कृषि उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली आणि पुढे घाऊक व्यापार गुलटेकडीला हलला. राज्यातील बाजार समित्यांचे नियमन १९६३ च्या कायद्याने होऊ लागले. मार्केट यार्डात फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा, भुसार यांच्याबरोबर फुलांचाही स्वतंत्र बाजार भरतो. येथे झेंडू, शेवंती, मोगरा किलोवर विकले जातात. गुलाब, जरबेरा, ग्लॅडिओलस यांची गड्डी असते. गुलछडी सुटी फुले म्हणून वजनावर आणि दांडीसकट नगावर, अशी दोन्ही प्रकारे जाते.

बाजाराला लागणारे फूल ठरावीक दिवशी, मोठ्या प्रमाणात, एकसारखे आणि प्रवास सोसणारे असावे लागते. म्हणजे बाजाराचीही काटकपणाची एक व्याख्या आहे. तोडल्यानंतर जे तजेलदार राहते, ते बाजाराच्या दृष्टीने टिकाऊ. या कसोटीला झेंडू उतरतो. तेरडा, गुलबक्षी, सदाफुली, गोकर्ण ही फुले उतरत नाहीत. त्यांच्या पाकळ्या तासाभरात मलूल होतात. त्यामुळे त्यांचा भाव, आवक व उलाढाल यांची नोंद सहसा होत नाही आणि नोंद नसल्यामुळे अभ्यासकांच्या तक्त्यांतही त्यांना जागा मिळत नाही. सरकारी बागेच्या दप्तरातून माळी निसटला, तसे बाजाराच्या वहीतून परसातले फूल निसटले.

येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. परदेशी झाड म्हणजे अनिष्ट आणि देशी म्हणजे उत्तम, असा निष्कर्ष प्रस्तुत लेखकाला अभिप्रेत नाही. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू व लग्नाच्या हारातील गुलछडी ही मूळची मेक्सिकोची, गुलबक्षी अमेरिका खंडातील आणि सदाफुली मादागास्करची. ती आपल्या अंगणात इतकी रुळली की त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. त्यांना येथील उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही मानवले, त्यांनी बी धरले आणि हाताळणाऱ्यांनी त्यांना नावे दिली. एखादे झाड एखाद्या ठिकाणचे होते ते या प्रक्रियेतून. त्याचा मूळ देश कोणता, ही बाब दुय्यम ठरते.

तेरडा : एक विसरलेला सोयरा

जोसेफ हूकर यांनी संपादित केलेला ब्रिटिश भारताच्या वनस्पतींचा ग्रंथ १८७२ ते १८९७ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडात जिरेनियमच्या कुलातच आंबुशी आणि तेरडा यांचा समावेश केलेला आहे. म्हणजे त्या काळच्या अधिकृत शास्त्रानुसार गव्हर्नरांच्या बागेतील कुंडीतले पेलार्गोनियम आणि त्याच बागेच्या कुंपणापलीकडे पावसाळ्यात माजलेला तेरडा हे एकमेकांचे भाऊबंद होते. पुढील वर्गीकरणात हे नाते तुटले. आजच्या वनस्पतिशास्त्रात तेरड्याचे कुल स्वतंत्र असून ते जिरेनियमपासून बरेच दूर आहे. मात्र त्यांच्यात एक साम्य उरतेच. दोघांचेही फळ पक्व झाले की ताणाने उकलते आणि बी दूर फेकते. जिरेनियमची चोच वरच्या बाजूला वळते, तर तेरड्याची बोंडे बोट लागताच फुटतात. पावसाळ्यात ही बोंडे फोडण्याचा खेळ न खेळलेला ग्रामीण महाराष्ट्रातील माणूस विरळाच.

या फेकलेल्या बियांतच तेरड्याच्या टिकण्याचे रहस्य आहे. झाड आश्विनात मरते. बी मातीत राहते, उन्हाळा सोसते आणि पहिल्या दमदार पावसानंतर रुजते. युरोपीय जिरेनियम हिवाळा जमिनीखाली मुळांच्या रूपाने काढते. तेरडा उन्हाळा जमिनीखाली बियांच्या रूपाने काढतो. प्रतिकूल ऋतू मातीच्या आश्रयाने घालविण्याची युक्ती एकच, फक्त ऋतू वेगळे. युरोपीय व्याख्येत एका वर्षात मरणारे झाड काटक बहुवर्षायू ठरत नाही. परंतु एकाच अंगणात, एकाच कोपऱ्यात, वर्षानुवर्षे हजेरी लावणारी वनस्पती काटक नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

तेरड्याला आणखी एक आधार मिळाला, तो स्त्रियांच्या व्रतवैकल्यांचा. काही घराण्यांत गौरी मुखवट्यांच्या असतात, काहींत खड्यांच्या, तर काहींत तेरड्याच्या रोपांच्या. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा तीन दिवसांचा हा मुक्काम. ज्या घरी तेरड्याची गौर असते, त्या घरातील स्त्रीला भाद्रपदात तेरडा हवाच असतो. म्हणून आषाढात तण काढताना ती त्याच्या रोपाला हात लावीत नाही. उद्यानविद्येचे कोणतेही पुस्तक न वाचता केलेली ही निवड आहे. मंगळागौरीची व गणपतीची पत्री यांमुळेही आघाडा, दूर्वा, माका यांसारख्या वनस्पती अंगणाच्या कडेला राखल्या गेल्या. वनस्पतींच्या संवर्धनाचे हे कार्य कोणत्याही संस्थेच्या अहवालात नोंदलेले नाही. ते घराच्या रीतीभातींतच साठविलेले आहे.

तेरड्याच्याच एका हिमालयीन भावंडाची कथा येथे उद्‌बोधक ठरेल. हिमालयातील उंच वाढणारा तेरडा १८३९ साली शोभेसाठी इंग्लंडमध्ये नेण्यात आला. तेथील थंड व ओलसर नदीकाठ त्याला इतका मानवला की आज ब्रिटनमध्ये तो उपद्रवी तण म्हणून उपटून काढला जातो. म्हणजे काटकपणा हा नेहमीच गुण असतो असेही नाही. कोठे तो वरदान ठरतो, कोठे संकट.

परसापासून गॅलरीपर्यंत

पुण्याच्या पेठांतील वाड्यांना चौक, तुळशीवृंदावन, आड किंवा हौद आणि मागे परस असे. परसात सांडपाणी मुरण्याची सोय असे आणि त्या ओलीवर अळू, केळ, कर्दळ, तेरडा वाढत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे नष्ट झाले. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर चहूबाजूंनी पसरले. मार्केट यार्डाच्या अवतीभवती मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क, महर्षीनगर, बिबवेवाडी हा भागही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाट वस्तीचा झाला. बंगल्याभोवतीच्या बागेत गुलाब, जास्वंद, अनंत आणि हिवाळी कुंड्या आल्या. त्यानंतर बंगल्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या आणि बाग गॅलरीत व गच्चीवर गेली.

या प्रवासात सर्वांत मोठा बदल झाला तो मातीच्या बाबतीत. गाड्या लावण्यासाठी अंगणात फरशी किंवा काँक्रीट आले. तेरड्याला खत लागत नाही, माळी लागत नाही. त्याला फक्त उघडी, न हलविलेली माती लागते. तीच नाहीशी झाली. जे झाड उन्हाळ्याला, दुष्काळाला किंवा दुर्लक्षाला हार गेले नाही, ते फरशीपुढे हरले. ज्या घरांत तेरड्याची गौर आहे, त्यांना ती आता बाजारातून आणावी लागते. मावळ-मुळशीकडील डोंगरउतारांवरून उपटलेली रोपे शहरात येतात आणि फुलबाजाराच्या कडेला त्यांच्या जुड्या लागतात. प्रस्तावनेत वर्णिलेल्या दृश्याचा हा पूर्वेतिहास आहे. शिवाय बी धरण्यापूर्वीच मुळासकट उपटलेले रोप पुढच्या वर्षासाठी काही मागे ठेवीत नाही, ही बाबही चिंतेची आहे.

आजच्या घरबागेसाठी काही निरीक्षणे

इतिहासाच्या विवेचनातून व्यवहारोपयोगी काही हाती लागावे, अशी वाचकांची अपेक्षा रास्त आहे. पुण्यात जिरेनियम म्हणून मिळणारे पेलार्गोनियम लावू नये, असे येथे सुचवायचे नाही. पावसाळा संपल्यावर, आश्विन-कार्तिकात, चार-पाच बोटे लांबीच्या फाट्यांपासून नवी रोपे करावीत. मातीत वाळूचे प्रमाण वाढवून पाण्याचा निचरा पाहावा. हिवाळ्यात भरपूर ऊन द्यावे, चैत्रापासून दुपारची सावली द्यावी आणि पावसाळ्यात कुंडी छताखाली घेऊन वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. थोडक्यात, इंग्लंडमधील माळी या झाडाला हिवाळ्यात घरात घेतो, तसे पुण्यात ते पावसाळ्यात आत घ्यावे. सुगंधी पानांच्या जातीची लागवड निलगिरीच्या डोंगरांत तेलासाठी पूर्वीपासून होते. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रातील काही शेतकऱ्यांनीही ती केली आहे. घरच्या कुंडीतही ही जाती शोभेच्या जातींपेक्षा अधिक तग धरते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

तेरड्यासाठी मात्र याहून कमी करावे लागते. भाद्रपदात एक-दोन रोपे न उपटता बोंडे पिकू द्यावीत, कुंडीतील माती उन्हाळ्यात उकरू नये आणि पहिल्या पावसानंतर उगवलेल्या रोपांना तण समजू नये. महाविद्यालयांच्या आवारात असा एखादा कोपरा राखणे सहज शक्य आहे.

निष्कर्ष

१. जिरेनियम या नावाखाली दोन प्रजाती एकत्र आल्याने काटकपणाविषयीची युरोपीय माहिती पुण्याच्या घरबागेत चुकीच्या झाडाला लागू केली गेली.

२. दापोडी, गणेशखिंड व एम्प्रेस गार्डन यांनी वनस्पतींच्या ज्ञानात मोलाची भर घातली. मात्र त्यांचे ऋतुमान मनुष्यबळावर आधारलेले होते; ते घरबागेने जसेच्या तसे स्वीकारणे अव्यवहार्य ठरले.

३. सरकारी दप्तर, बाजाराची वही आणि परस या तिन्ही ठिकाणी काटकपणाच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. पहिल्या दोन लिहिल्या गेल्या. तिसरी स्त्रियांच्या आचारात राहिली आणि म्हणून इतिहासलेखनातून सुटली.

४. तेरड्यासारख्या वनस्पतींचे शहरातून नाहीसे होणे हे हवामानापेक्षा मातीच्या आच्छादनाशी अधिक निगडित आहे.

फुलबाजाराच्या कडेला ठेवलेल्या तेरड्याच्या जुडीकडे पाहताना हा सर्व इतिहास डोळ्यांसमोर येतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण फुलापुरती खरी आहे. झाडाच्या बाबतीत ती खरी ठरायची नसेल, तर त्याला अंगणात वीतभर उघडी माती ठेवणे एवढे आपल्या हाती आहे.